वायरलेस माऊस सारखा बंद पडतोय? टाकून द्यायच्या आधी एवढं बघून घ्या

माऊस छान चालू असतो, मधेच बंद पडतो, जरा टेबलावर आपटला की परत चालू होतो आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. ही तक्रार माझ्याकडे घरातल्यांची, ऑफिसातल्यांची, ओळखीपाळखीच्यांची इतक्यांदा आलीये की आता समोरचा दोन वाक्यं बोलला की कुठे बघायचं याचा साधारण अंदाज येतो. आणि इतके माऊस हाताळून माझं एक मत पक्कं झालंय, माऊस खरोखर मेलेला निघणं फार कमी. बिघाड बहुतेक वेळा सेलमध्ये असतो, नाहीतर माऊस आणि रिसीव्हर (कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टमध्ये खुपसायचा तो छोटासा तुकडा) यांच्या मधल्या त्या दोन-तीन फुटांत असतो, आणि तो शोधायला पैसे लागत नाहीत, फक्त माऊस नेमका कधी बंद पडतो याकडे नीट लक्ष द्यावं लागतं. लोक "बंद पडतो" एवढंच सांगतात, कधी ते सांगत नाहीत, आणि खरं उत्तर त्या "कधी"मध्येच असतं.

आधी लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते ठरवा.

एकदम सगळंच बंद, खालचा लाईट नाही, पॉइंटर हलत नाही, क्लिक लागत नाही. हे बहुतेकदा सेल नाहीतर स्विच.

लाईट लागतोय पण पॉइंटर ढिम्म. इथे माऊसला वीज मिळतेय पण त्याचं म्हणणं कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाहीये, म्हणजे रिसीव्हर, पोर्ट किंवा पेअरिंग (माऊस आणि कॉम्प्युटरची आपसातली ओळख). सेललाही इथे क्लीन चिट देऊ नका, का ते पुढे सांगतो.

पॉइंटर अडखळत अडखळत चालतो, मागे राहतो, मग एकदम पुढे येतो. यात सिग्नलवर संशय घ्या.

पाच-दहा मिनिटं हात काढला की झोपतो आणि हलवला तरी उठत नाही, किंवा लॅपटॉप स्लीपमधून उठला की माऊस गायब. हे बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या वीज वाचवायच्या सेटिंगमुळे असतं.

पॉइंटर आपोआप सरकतो, थरथरतो, कोपऱ्यात उडी मारतो, पण क्लिक व्यवस्थित लागतं. सेन्सर किंवा खालचा पृष्ठभाग.

पॉइंटर मस्त चालतो पण एका क्लिकचे दोन होतात, किंवा काहीतरी ओढताना मधेच सुटतं. हा वेगळाच आजार आहे, बटणाखालचा स्विच गेलेला असतो, त्यासाठी सेल बदलत बसू नका, थेट शेवटाकडे जा.

आता एक कागद घ्या आणि दोन दिवस, प्रत्येक वेळी बंद पडला की तेव्हा काय चालू होतं ते लिहा. हार्ड डिस्क लावली होती का, व्हिडिओ कॉल चालू होता का, नुकता जेवून परत येऊन बसला होतात का, माऊस उचलून दुसरीकडे ठेवला होता का. हे काम कंटाळवाणं वाटतं पण माझा अनुभव असा की चार नोंदी झाल्या की अर्धं काम झालेलं असतं.

माऊस नसताना काम कसं चालवायचं

लॅपटॉप असेल तर टचपॅड आहेच (तो पण बंद वाटत असेल तर वरच्या फंक्शन कींपैकी एकीवर टचपॅडचं चित्र असतं, ती चुकून दाबली गेलेली असते). डेस्कटॉप असेल तर विंडोजमध्ये डावीकडची अल्ट, डावीकडची शिफ्ट आणि नम लॉक या तिन्ही एकदम दाबा, विचारलं की एंटर मारा, मग उजवीकडच्या आकड्यांच्या कींनी पॉइंटर हलतो आणि ५ ने क्लिक होतं. हळू आहे पण सेटिंगपर्यंत पोचता येतं. विंडोज की आणि एक्स एकत्र दाबून मग एम दाबलं की डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या उपकरणांची यादी उघडतो, तो पुढे लागणार आहे.

माऊसचाच दोष आहे का?

सगळ्यात पहिली आणि पाच सेकंदांची तपासणी. कीबोर्डवरची कॅप्स लॉक दाबा. तिचा दिवा चालू-बंद होत नसेल तर कॉम्प्युटरच हँग झालाय, माऊस बिचारा निर्दोष. थोडा वेळ थांबा, मग रीस्टार्ट करा. कितीतरी जणांनी अशा वेळी माऊसचे सेल बदललेत, तोपर्यंत कॉम्प्युटर आपोआप सुटला आणि त्यांना वाटलं सेलच गेले होते, मग पुढच्या वेळी परत नवे सेल.

एक सांगायचं राहिलं, कीबोर्डही वायरलेस असेल आणि दोन्ही एकाच रिसीव्हरवर असतील तर ही तपासणी फसवू शकते. तेव्हा स्क्रीनवरचं घड्याळ पुढे सरकतंय का ते बघा. घड्याळ चालू आणि कीबोर्ड-माऊस दोन्ही गप्प, म्हणजे दोघांत जे सामाईक आहे ते बघा, म्हणजे रिसीव्हर नाहीतर पोर्ट. दोन्हींचे सेल एकाच क्षणी संपणं जवळपास अशक्य.

स्विच आणि ते छोटं बटण

माऊस उलटा करा. ऑन-ऑफचा स्विच बॅगेत घासून किंवा उचलताना बोट लागून सरकतो, अर्धवट सरकलेला तर डोळ्याला ऑनच वाटतो. पूर्ण ऑफ करा, दहा सेकंद थांबा, टक् आवाज येईपर्यंत ऑन करा. थांबायचं कारण असं की आतल्या कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज उरलेला असतो, लगेच ऑन केलं तर आतली चिप रीसेट होतेच असं नाही.

काही माऊसवर १, २, ३ असे आकडे आणि बटण असतं, एकच माऊस तीन कॉम्प्युटरना जोडायला. ते चुकून दाबलं गेलं की माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला शोधत बसतो आणि तुमच्यासमोरचा मात्र मेल्यासारखा दिसतो. नव्या माऊसमध्ये सेलच्या टोकाशी प्लास्टिकची पट्टी असते, ती काढायची राहिली असेल तर ती पण काढा.

आणखी एक, खाली लाल लाईट दिसत नाही म्हणजे माऊस बंद असं समजू नका. बऱ्याच माऊसमध्ये डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड किंवा लेझर प्रकाश असतो, त्यात लाल काही दिसतच नाही. डोळा लावून आत बघत बसू नका, मोबाईलचा कॅमेरा खाली धरा, काही कॅमेऱ्यांना इन्फ्रारेड फिकट जांभळट ठिपक्यासारखा दिसतो.

सेल, आणि इथे जरा वेळ द्या

सगळ्यात जास्त वेळा उत्तर इथेच सापडतं आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच आहेत.

पहिला गैरसमज म्हणजे "लाईट लागतोय म्हणजे सेल चांगलाय". दुसरा, "हाच सेल भिंतीवरच्या घड्याळात चालतोय की". घड्याळाला अगदी नगण्य करंट लागतो, ते मरायला टेकलेल्या सेलवरही महिनोन् महिने चालतं. माऊसचं तसं नाही. माऊस झोपलेला असताना जवळपास काहीच घेत नाही, पण हलवल्याक्षणी सेन्सरचा लाईट आणि रेडिओ दोन्ही चालू होतात आणि क्षणभर एकदम जास्त करंट ओढला जातो. जुन्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला होणारा आतला अडथळा, वाढलेला असतो, त्यामुळे त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं, माऊसची चिप बंद पडते, मग करंट थांबला की व्होल्टेज परत वर येतं आणि चिप परत चालू होते. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं, तर माऊस मधेच बंद पडतो आणि आपोआप चालू होतो. म्हणजे "कधी चालतो कधी नाही" हे लक्षणसुद्धा सेलचं असू शकतं, आणि मल्टीमीटरने नुसतं व्होल्टेज बघितलं तर सेल ठीकच दिसेल कारण मीटर करंट ओढतच नाही. म्हणून सेलची खरी परीक्षा एकच, नवीन पाकिटातला सेल घालून बघणे. टीव्हीच्या रिमोटमधून काढलेला नाही, नवीन.

सेल घेताना त्यावर काय छापलंय ते वाचा. पेन्सिल सेलवर एलआर६ लिहिलं असेल तर तो अल्कलाइन, नुसतं आर६ असेल तर साधा झिंक-कार्बन. बारीक पेन्सिल सेलवर तेच एलआर०३ आणि आर०३. साधा सेल माऊसमध्ये लवकर दम तोडतो, शिवाय गळायलाही लवकर लागतो, मी माऊससाठी अल्कलाइनच सांगतो. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलचं व्होल्टेज १.५ ऐवजी १.२ असतं, बहुतेक माऊस त्यावर चालतात पण बॅटरीचं चिन्ह पहिल्या दिवसापासून कमी दाखवू शकतं, आणि एखादा खोडकर माऊस त्यावर अडखळतोही, तेव्हा रिचार्जेबल वापरत असाल तर एकदा अल्कलाइन घालून फरक पडतो का बघा. दोन सेलचा माऊस असेल तर दोन्ही एकदम बदला, एक नवा एक जुना असं करू नका, जुना पार रिकामा होऊन उलटा ढकलला जातो आणि गळतो.

आता ज्यांचा माऊस आपटल्यावर चालू होतो त्यांच्यासाठी. आपटल्यावर चालू होतो याचा सरळ अर्थ कुठेतरी धातूला धातू नीट टेकत नाहीये. सेल काढा आणि स्प्रिंग आणि समोरची पत्री बघा. स्प्रिंग दबून गेली असेल तर नखाने किंवा लाकडी काडीने हलकेच बाहेर ओढा, एक-दोन मिलिमीटर पुरे. पत्रीवर काळपट थर असेल तर पेन्सिल खोडायच्या रबराने घासा, चकाकी आली पाहिजे. पांढरी-हिरवी पावडर साचली असेल तर अल्कलाइन सेल गळलाय, त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडीला आणि डोळ्याला चांगलं नाही, हातमोजे घाला, कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा (ते अल्कली असतं म्हणून आम्ल लागतं), मग पाण्याने ओलसर काडीने, मग कोरड्याने, आणि पूर्ण वाळल्याशिवाय सेल घालू नका. पत्री खाल्ली जाऊन तुटायला आली असेल तर मात्र पुसून काही होणार नाही.

स्प्रिंगमागे चांदीचा कागद कोंबायचा उपाय बरेच जण करतात. चालतो, पण तो कागद सरकून दोन्ही टोकांना लागला तर शॉर्ट होतो आणि सेल तापतो, म्हणून मी तो करत नाही आणि सुचवतही नाही.

चार्जिंगचा माऊस असेल तर केबल बदलून बघा, काही केबली फारच हलक्या असतात आणि वर टोक सैल झालेलं असतं. अर्धा तास लावून ठेवा आणि मग बघा. केबल लावल्यावर चालतो आणि काढल्यावर पाच मिनिटांत बंद, असं असेल तर आतली बॅटरी संपलीये. आणि माऊसची पाठ फुगल्यासारखी वाटली, वरचं झाकण उचललं गेलं असेल, तर इथेच थांबा. चार्ज करू नका, दाबू नका, उघडू नका. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली गेली तर पेट घेते. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

खालचा पृष्ठभाग

थोडक्यात. माऊसच्या पोटात एक बारीक कॅमेरा असतो, तो टेबलाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून किती सरकलो ते काढतो. काच, चकचकीत सनमायका, आरसा यावर त्याला ताडून बघायला काही खुणाच सापडत नाहीत. एक साधा कागद ठेवा खाली, चालला तर प्रश्न संपला. सेन्सरच्या भोकात केस किंवा कापसाचा तंतू अडकला असेल तर पॉइंटर थरथरतो, फुंकर मारा किंवा कोरड्या काडीने काढा. फुंकर मारताना थुंकी उडू देऊ नका, लेन्सवर डाग पडतो.

रिसीव्हर कुठे बसलाय

आता माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. सेल नवीन, स्विच ठीक, तरी अडखळतोय किंवा मधेच सुटतोय, तर नव्वद टक्के लोक माऊसकडेच बघत राहतात, रिसीव्हरकडे कोणी बघत नाही.

माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. हाच पट्टा ब्लूटूथचा, वायफायचाही, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. पण या सगळ्यांपेक्षा मला जास्त वेळा त्रासदायक सापडलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि ती कॉम्प्युटरच्या आतच असते, यूएसबी ३ चा पोर्ट. यूएसबी ३ वर डेटा सेकंदाला ५ गिगाबिटने धावतो आणि त्या वेगामुळे केबल आणि पोर्टच्या आसपास जो रेडिओ गोंगाट पसरतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही असतो. हे काही ऐकीव नाही, इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर कागद प्रसिद्ध केला होता, त्यात वायरलेस माऊसवर होणारा परिणामच मोजून दाखवला होता. हार्ड डिस्क, डॉक आणि हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या पेट्या), आणि त्यांच्या हलक्या केबली, सगळे या गोंगाटात भर घालतात. आणि आपण काय करतो, तो नखाएवढा रिसीव्हर बरोब्बर हार्ड डिस्कच्या शेजारच्या पोर्टमध्ये खुपसतो.

आमच्या इथे एका सहकाऱ्याचा माऊस रोज दुपारीच बंद पडायचा. सकाळी ठीक, संध्याकाळी ठीक. तीन वेळा सेल बदलून झाले, एकदा माऊसच बदलला, नवा माऊस पण दुपारीच बंद. सगळे म्हणायचे कॉम्प्युटरच खराब आहे. मी त्याला नोंदी करायला लावल्या तर तिसऱ्या दिवशी कळलं की दुपारी तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप लावतो, आणि त्या डिस्कची केबल रिसीव्हरला खेटून होती. डिस्क तशीच ठेवून रिसीव्हर एका साध्या एक्स्टेंशन केबलने टेबलावर आणला, त्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही तक्रार नाही.

तर करायचं काय. पहिलं, फुकटातलं, अडखळत असतानाच हार्ड डिस्क किंवा डॉक नीट इजेक्ट करून काढून बघा. माऊस सुधारला तर चोर सापडला. मग रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा, जमलं तर यूएसबी २ च्या. यूएसबी ३ चा पोर्ट आतून बऱ्याचदा निळा असतो, २ चा काळा किंवा पांढरा, पण सगळे उत्पादक हा नियम पाळत नाहीत, तेव्हा रंगावर पूर्ण विसंबू नका. यूएसबी हब वापरत असाल तर रिसीव्हर हबमधून काढून सरळ कॉम्प्युटरला लावा.

डेस्कटॉप असेल आणि रिसीव्हर कॅबिनेटच्या मागे असेल तर तो आधी पुढे आणा. मागे लावलेल्या रिसीव्हरच्या आणि तुमच्या माऊसच्या मधे अख्खी लोखंडी पेटी उभी असते, खाली टेबलाखाली असेल तर त्यात तुमचे पाय पण. शरीरात पाणी असतं आणि २.४ गिगाहर्ट्झ पाण्यात बऱ्यापैकी शोषला जातो, त्यामुळे "मी असा बसलो की बंद पडतो" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्यावर हसू नका. लोखंडी टेबलही तसाच त्रास देतं.

हे सगळं करूनही थोडंफार अडखळत असेल तर एक मीटरची यूएसबी २ ची एक्स्टेंशन केबल घ्या आणि रिसीव्हर माऊसपासून वीतभर अंतरावर आणून ठेवा. का, तर अंतर निम्मं केलं की सिग्नल साधारण चौपट होतो, आणि शिवाय गोंगाटाच्या उगमापासून पण लांब आला, म्हणजे दोन्हीकडून फायदा. बऱ्याच माऊसच्या डब्यात अशी छोटी केबल येतेसुद्धा, लोक ती जास्तीची म्हणून ड्रॉवरमध्ये टाकतात. वायफायचा राउटर टेबलावरच असेल तर तो लांब करा आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर घ्या, म्हणजे पट्ट्यातली गर्दी कमी.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा

इथपर्यंत सुटलं नसेल तर प्रश्नाचे दोन तुकडे करायची वेळ आली. माऊस आणि रिसीव्हर दोन्ही दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि तासभर वापरा, दोन मिनिटं नाही, कारण मधेच बंद पडणारी गोष्ट दोन मिनिटांत पकडता येत नाही. तिथे व्यवस्थित चालला तर माऊस सुटला, दोष तुमच्या कॉम्प्युटरमध्ये. तिथेही तसाच वागला तर माऊस किंवा रिसीव्हर. दुसरा कॉम्प्युटर नसेल तर ॲन्ड्रॉइड फोनला ओटीजी अडॅप्टरने (फोनच्या चार्जिंगच्या भोकात यूएसबी लावता येणारा छोटा जोड) रिसीव्हर लावा, बहुतेक फोनवर चक्क पॉइंटर येतो. ही युक्ती फार कमी जणांना माहीत आहे आणि मला तिने खूप वेळा वाचवलंय.

उलटंही करा, तुमच्या कॉम्प्युटरच्या त्याच पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह लावा. तोही दिसत नसेल, किंवा हलवला की तुटतो-जोडला जातो, तर पोर्ट सैल झालाय.

आता सेटिंग

दोष कॉम्प्युटरकडे आहे असं कळलं की मगच इकडे या, आधी नाही. लोक सुरुवातच ड्रायव्हरपासून (उपकरण चालवणारं कॉम्प्युटरमधलं छोटं सॉफ्टवेअर) करतात आणि अर्धा दिवस घालवतात. साध्या माऊसला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीत तो आधीच असतो, तेव्हा "ड्रायव्हर दुरुस्त करणारं" कुठलंही सॉफ्टवेअर उतरवू नका, त्यातल्या बऱ्याचशांबरोबर नको ते कॉम्प्युटरमध्ये येतं.

आधी रीस्टार्ट. शट डाऊन करून परत चालू नाही, रीस्टार्ट. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, ती चालू असेल तर शट डाऊन केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत येतो, अडकलेल्या ड्रायव्हरसकट. रीस्टार्टला मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

मग ते हात काढल्यावर किंवा स्लीपनंतर मरणारं प्रकरण. कॉम्प्युटर वीज वाचवायला वापरात नसलेल्या यूएसबी पोर्टला झोपवतो आणि काही रिसीव्हर त्या झोपेतून नीट उठत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स उघडा, प्रत्येक यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅबवर वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्यायची परवानगी देणारी टिक असते, ती काढा. काही लॅपटॉपवर हा टॅब दिसतच नाही, तेव्हा कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड, तिथे यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड असेल तर डिसेबल करा. लॅपटॉपची बॅटरी थोडी जास्त जाईल, ते लक्षात ठेवा. फक्त बॅटरीवर असतानाच माऊस मरतो आणि चार्जर लावल्यावर नाही, असं तुमच्या नोंदीत दिसलं असेल तर बहुतेक दुखणं इथेच आहे.

तरी नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये माईस अँड अदर पॉइंटिंग डिव्हाइसेस खाली तो माऊस अनइन्स्टॉल करा, रिसीव्हर काढा, रीस्टार्ट, परत लावा. हे करताना टचपॅड किंवा कीबोर्ड हाताशी असू द्या.

ब्लूटूथचा माऊस असेल, म्हणजे रिसीव्हरच नसलेला, तर ब्लूटूथच्या यादीतून तो काढून टाका आणि माऊसचं पेअरिंगचं बटण लाईट भराभर मिचकेपर्यंत दाबून नव्याने जोडा. आणि डेस्कटॉपवाल्यांनी एक गोष्ट जरूर बघा, कॅबिनेटच्या मागे वायफायचे दोन अँटेना लावायचे सोनेरी स्क्रू असतात, ब्लूटूथही बहुतेक वेळा त्यावरच चालतं. अँटेना डब्यातच पडून असतील तर ब्लूटूथ हातभर अंतरावरही धड चालत नाही. असे कॉम्प्युटर मी एकाहून जास्त बघितलेत, मालक वर्षभर माऊसला दोष देत होता आणि अँटेना कपाटात होते.

पेअरिंग

रिसीव्हर आणि माऊस कारखान्यातच एकमेकांना ओळखायला शिकवलेले असतात. म्हणून घरात दोन सारखे दिसणारे माऊस असतील आणि रिसीव्हरची अदलाबदल झाली तर दोन्ही बंद पडतात, नव्याने घेतल्यासारखे ठणठणीत असूनही. आधी ही शक्यता तपासा. लॉजिटेकच्या युनिफाइंग रिसीव्हरवर नारिंगी सूर्यासारखं चिन्ह असतं, त्याला सहापर्यंत उपकरणं जोडता येतात आणि त्यांच्या सॉफ्टवेअरने परत पेअर करता येतं. त्यांचाच नंतरचा बोल्ट रिसीव्हर वेगळा, युनिफाइंगचा माऊस त्यावर चालत नाही. अगदी साध्या माऊसचा रिसीव्हर हरवला तर मात्र दुसरा जोडायची सोय बऱ्याचदा नसतेच, तो माऊस तिथेच संपला. रिसीव्हर ठेवायला सेलच्या कप्प्यात खाच असते बहुतेकांना, प्रवासात तिथेच ठेवा.

कुठे थांबायचं

पातळ काही सांडलं असेल तर लगेच सेल काढा, उलटा करून दोन दिवस वाळवा, मग एकदाच प्रयत्न करा. गोड पेय असेल तर आत चिकटलेलं आपोआप जात नाही, उघडून स्वच्छ करावा लागतो.

उघडायचे स्क्रू बहुतेक वेळा खालच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली आणि स्टिकरखाली लपलेले असतात, आणि स्टिकर फाडला की वॉरंटी गेली. वॉरंटी असेल तर उघडू नका, बदलून मागा. डबल क्लिकचा रोग पण वॉरंटीत सरळ बदलून घ्यावा. वॉरंटी संपलीये, माऊस महागातला आहे आणि तुम्हाला सोल्डरिंग येतं तर आतला छोटा स्विच बदलता येतो, सोल्डरिंग येत नसेल तर जाणकाराकडे द्या, पहिला धडा चांगल्या माऊसवर गिरवू नका.

कॉम्प्युटरच्या बाबतीत, कुठल्याच पोर्टमध्ये काहीच चालत नसेल, पोर्ट आत हलत असेल, त्यातली प्लास्टिकची जीभ तुटली असेल, काही लावल्यावर तापत असेल किंवा जळका वास येत असेल तर कॉम्प्युटर बंद करा आणि हार्डवेअरवाल्याला दाखवा, हे घरी करायचं काम नाही, मदरबोर्डपर्यंत जाऊ शकतं. ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर पोर्ट आणि पॉवरच्या सेटिंगला हात लावायच्या आधी आयटीवाल्यांना विचारा, बऱ्याच ठिकाणी पोर्ट मुद्दाम बंद ठेवलेले असतात.

आणि नवीन अल्कलाइन सेल, कोरडा कागद खाली, एक्स्टेंशनवर वीतभर अंतरावर रिसीव्हर, आणि दुसरा कॉम्प्युटर, या चारही गोष्टी एकत्र असूनही माऊस बंद पडत असेल तर तो गेला, आता त्यात वेळ घालवू नका.

दुरुस्तीला नेणार असाल तर माऊसबरोबर रिसीव्हरही न्या, कितीतरी जण नुसता माऊस घेऊन जातात आणि समोरच्याला तपासताच येत नाही. आणि ती नोंदींची चिठ्ठीही न्या. दुकानात गेल्यावर माऊस हमखास नीट चालतो, तेव्हा समोरच्याला तो कधी बंद पडतो हे त्या चिठ्ठीवरूनच कळणार आहे.